कोळसा, लोखंड, चुना आणि तीन बादशहा

आज एका पुस्तकाची गोष्ट सांगतो.

हैदराबादला मुसी नदीच्या काठी सालारजंग संग्रहालय आहे. तिथे हाताने लिहिलेली कुराणाची एक प्रत जपून ठेवली आहे. याकूत अल-मुस्तासिमी नावाच्या बगदादच्या लेखनिकाच्या हातची ती मानतात. हा याकूत वारला १२९८ साली. म्हणजे आपले ज्ञानेश्वर महाराज होते, त्याच काळातला हा माणूस. आणि त्या प्रतीवर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब, म्हणजे आजा, मुलगा आणि नातू, अशा तीन मोगल बादशहांची हस्ताक्षरं आहेत. इतक्या वर्षांत राज्यं बुडाली, राजधान्या बदलल्या, पण शाई काळीच राहिली आणि सोनं पिवळंच राहिलं.

का बरं राहिलं? याचं उत्तर शोधायला भिलाईच्या मुलांना लांब जायला नको. आपल्या पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये काय काय घालतात, सांगा बघू. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि कोक, म्हणजे भाजलेला कोळसा. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून हे तीन पदार्थ आपल्या गावाचं पोट भरत आले आहेत. आणि गंमत अशी, की जुनी हस्तलिखितं ज्यांच्यामुळे टिकली किंवा ज्यांच्यामुळे नासली, ते मुख्य पदार्थही हेच तीन. कोळसा, लोखंड आणि चुना.

आधी कोळसा.

याकूत बगदादच्या शेवटच्या अब्बासी खलिफाच्या, मुस्तासिमच्या पदरी होता. १२५८ च्या फेब्रुवारीत मंगोल फौजांनी बगदाद लुटलं. अशी कथा सांगतात, की शहर जळत असताना याकूत एका मिनारात जाऊन बसला आणि कागद नव्हता म्हणून कापडावर अक्षरं गिरवत राहिला. कथा खरी असो वा नसो, त्याची लेखणी मात्र खरी होती. बोरूचं टोक तो तिरपं कापायचा. त्यामुळे एकाच फटकाऱ्यात रेघ जाड होऊन पुढे केसासारखी बारीक होई. पुढच्या कित्येक पिढ्यांनी सुंदर अरबी अक्षराचा कित्ता म्हणून त्याच्याकडे पाहिलं.

त्या काळची काळी शाई मुख्यतः काजळीची असे. तेलाचा दिवा लावायचा, वर भांडं पालथं धरायचं आणि जमलेली काजळी खरवडून घ्यायची. तेल पुरतं जळलं नाही, की त्यातला कार्बन, म्हणजे कोळशातलाच मुख्य पदार्थ, धुरातून बाहेर पडतो. हे कण इतके बारीक असतात, की शेकडो कण ओळीने मांडले तरच केसाची जाडी भरेल. त्यांच्यावर कुठल्याही रंगाचा प्रकाश पडला तरी ते तो गिळून टाकतात. परत काहीच येत नाही, म्हणून आपल्याला काळं दिसतं.

आता नीट ऐका. भट्टीत कोक पेटतो, कारण तिथे भयंकर उष्णता असते. कागदावर, घरातल्या साध्या उष्णतेत, कार्बन हवेतल्या प्राणवायूकडे ढुंकून बघत नाही. ऊन पडलं, वर्षं गेली, तरी तो बदलत नाही. म्हणून काजळीच्या शाईचा रंग विटत नाही. तिची दुबळी बाजू एकच. कण कागदाला धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो. ओल्या बोटाने अक्षर पुसता येतं. लेखनिकाला चूक सुधारायला ते सोयीचं, पण दुसऱ्याचं नाव पुसू पाहणाऱ्यालाही तेवढंच सोयीचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता लोखंड. इथे आपल्याला एका चिमुकल्या माशीला भेटायला हवं.

ओक नावाचं झाड असतं. भूमध्य समुद्राच्या पूर्वेला, सीरिया-इराणच्या बाजूला ते पुष्कळ. गांधीलमाशीच्या कुळातली एक बारीकशी माशी त्याच्या कळीत अंडं घालते. मग झाड काय करतं? त्या जागी एक कठीण गोळा वाढवतं. आतल्या अळीला घर मिळतं आणि खाऊही मिळतो. अळीने झाडाकडूनच आपलं घर बांधून घेतलं म्हणा ना. या गोळ्याला आपण मायफळ म्हणतो. घरात लहान बाळ असेल तर आजीच्या गुटीच्या डब्यात ते सापडेल. मायफळात टॅनिन ठासून भरलेलं असतं. माशी भोक पाडून उडून जायच्या आत ते तोडलं, तर जास्तच. आपल्या छत्तीसगडच्या जंगलात गोळा करतात तो हर्रा, म्हणजे आपला हिरडा, त्यातही हेच टॅनिन भरपूर.

टॅनिनच्या पाण्यात हिराकस घातला की शाई होते. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. ताजी शाई फिकट दिसते. कागदावर उतरल्यावर हवेतला प्राणवायू तिला भेटतो आणि ती काळीभोर होते. काजळी कागदावर बसते, ही मात्र कागदाच्या तंतूंत शिरते. ओल्या बोटाने ती पुसली जात नाही.

मग हीच बरी, नाही का? थांबा. लोखंडाला प्राणवायूची ओढ किती, ते आपल्या घराच्या फाटकाला विचारा. पावसाळा आला की गंज चढलाच. शाईतलं लोखंडही स्वस्थ बसत नाही. कागदाच्या तंतूंना प्राणवायूने जाळायच्या कामात ते मदत करतं, आणि शाईत उरलेलं आम्ल त्या तंतूंचे तुकडे करतं. युरोपातल्या कित्येक जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत, ती याच शाईमुळे. जिने अक्षर घट्ट धरलं, तिनेच कागद खाल्ला.

इराणच्या जुन्या उस्तादांनी यावर तोड काढली होती. त्यांचं एक प्रसिद्ध प्रमाण होतं. काजळी एक भाग, हिराकस एक भाग, मायफळ दोन भाग आणि डिंक चार भाग. दोन्ही शायांचे गुण एकत्र आणायचे आणि डिंकाचा हात सढळ ठेवायचा. प्रयोगशाळा नव्हती, तराजू होता आणि पिढ्यापिढ्यांचं निरीक्षण होतं.

आणि हेच लोखंड पूर्ण गंजलं, की किती गुणी होतं बघा. राजहऱ्याचे डोंगर लाल का आहेत? अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांनी सूर्यप्रकाशावर जगायला सुरुवात केली आणि पाण्यात प्राणवायू सोडला. लोखंड गंजलं, तळाशी बसलं, थरावर थर चढले. पुढे जमीन वर आली आणि त्या थरांचे डोंगर झाले. म्हणजे आपल्या कारखान्यातल्या रुळांचं पोलाद त्या जिवांच्या श्वासातून आलेलं आहे. हीच लाल माती कुटून, गाळून गेरू होतो, आणि हस्तलिखितांत लाल-तपकिरी रंगासाठी गेरू चालतच असे. त्यातल्या लोखंडाने घ्यायचा तेवढा प्राणवायू आधीच घेतला आहे. आणखी गंजायला काही उरलंच नाही, म्हणून तो रंग हलत नाही.

तिसरा पदार्थ चुना, आणि चुन्याची गोष्ट म्हणजे कागदाची गोष्ट.

कागद करायची विद्या चीनमधून समरकंदला आली आणि आठव्या शतकाच्या शेवटी बगदादला पोचली. आपल्या दख्खनमध्ये तिचं घर म्हणजे कागजीपुरा. देवगिरीचा किल्ला माहीत आहे ना, दौलताबाद? तिथून खुलदाबादला जाताना वाटेत हे गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीरही आले, असं तिथले लोक सांगतात. हातकागद तिथे आजही होतो.

जुन्या चिंध्या, तागाचे दोर, सणाच्या गोण्या कुटायच्या, चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. मग तो लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा. ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, वर खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा.

मुरवताना वापरलेला चुना धुतल्यावरही थोडा मागे उरतो. हवेतला कर्बवायू घेऊन त्याची खडी होते, नंदिनीच्या खडकात आहे तीच. ही खडी कागदात पहारा देत बसते. कुठून आम्ल आलं, शाईतून आलं, धुरातून आलं, की ती आधी त्याच्याशी भिडते आणि स्वतः संपते, पण तंतूंना धक्का लागू देत नाही. माझ्या शाळेची पुस्तकं आता पिवळी पडून हातात मोडतात. ती लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली होती, आणि असा कागद करताना तुरटी घालत, तिच्यामुळे तो आम्लच राहतो. चुना पोटात असलेला जुना ताव पाचशे वर्षांनंतरही बोटांत मऊ लागतो.

भट्टीतही चुन्याचं काम असंच असतं, बरं का. खनिजातली वाळू तो आपल्याकडे ओढतो आणि मळी होऊन वेगळा निघतो. लोखंड स्वच्छ राहतं.

हे झाले भिलाईचे तीन पदार्थ. पण कुराणाच्या किंवा दुआंच्या पोथीचं पहिलं पान उघडलं की डोळे दिपतात ते सोन्याने. सोनं मात्र आपल्या भट्टीत होत नाही. कुठल्याच भट्टीत होत नाही, सूर्यातही होत नाही. ताऱ्यांच्या पोटात हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्यं शिजत जातात, पण लोखंडापाशी येऊन हा स्वयंपाक थांबतो. त्याच्या पुढे ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. मग सोनं आलं कुठून? १७ ऑगस्ट २०१७ ला शास्त्रज्ञांना दूरच्या आकाशगंगेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची चाहूल लागली. अशा धडकेत जड मूलद्रव्यं तयार होतात, याच्या खुणा त्या धडकेतून आलेल्या प्रकाशात मिळाल्या. असल्या महाभयंकर घटनांत घडलेलं सोनं पृथ्वीच्या जन्माच्या वेळी तिच्या वाट्याला आलं. आपल्या महानदीच्या खोऱ्यात सोनझरा लोक वाळू धुऊन त्याचेच कण वेचत आले आहेत.

सोनं ठोकून ठोकून त्याचा वर्ख करतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असू शकते. एक ग्रॅम सोन्यात अर्धा चौरस मीटर जागा झाकली जाईल, एवढा पातळ. कारागीर हा वर्ख मध किंवा डिंक घालून बोटाने घोटायचे, धुऊन गाळ घ्यायचे आणि त्यात सरस मिसळून कुंचल्याने लावायचे. वाळल्यावर सोनं मंद दिसतं. मग त्यावर अकीकाचा दगड फिरवला की ते लखलखतं. हा अकीक आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातही सापडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे पाण्याने त्या पोकळ्यांत गारेचे थर भरत भरत अकीक घडवला. सोन्यापेक्षा तो कितीतरी कठीण, म्हणून सोनं त्याच्याखाली सपाट होतं.

सोनं प्राणवायूला दाद देत नाही, गंधकालाही देत नाही. चांदी देते. म्हणून जुन्या इराणी चित्रांत चांदीने रंगवलेल्या नद्या आज काळ्या पडल्या आहेत.

निळा रंग येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून, लाजवर्द दगडातून. तो रंग आहे गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या तिकडीचा. खनिजाच्या सूक्ष्म पोकळ्यांत ती कोंडलेली असते, बाहेरचं काही तिच्यापर्यंत सहज पोचत नाही, म्हणून निळाई टिकते. हिरवा रंग, जंगाल, तांब्यावर आंबट वाफ धरून करीत. तो दिसायला सुरेख, पण लोखंडी शाईसारखाच कागद खाणारा. इराणच्या कारागिरांनी त्यात थोडं केशर घालायला सांगून ठेवलं होतं. लोकांना वाटे, रंग खुलावा म्हणून. आपल्या काळात संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं, की केशरामुळे जंगालाचा कागदावरचा हल्ला खरोखर कमी होतो.

आता बादशहांकडे येऊ.

तुम्हांला ठाऊक आहे, ब्लास्ट फर्नेस वर्षानुवर्षं विझत नाही. माणसं बदलतात. एक शिफ्ट संपते, दुसरी येते, आणि जाणारा माणूस लॉगबुकात लिहून जातो, मी सोडलं तेव्हा भट्टी अशी होती. मीही अशा नोंदी पुष्कळ केल्या. भट्टी माझी नव्हती, पण त्या आठ तासांची जबाबदारी माझी होती. जुन्या हस्तलिखिताचं पहिलं आणि शेवटचं पान म्हणजे असंच लॉगबुक असतं.

मोगलांच्या ग्रंथालयात पुस्तक आलं की त्यावर नोंद होई. कधी आलं, कुणाकडून आलं, किंमत काय. ठराविक काळाने तपासणी होई आणि तपासणारा शिक्का मारून तारीख घाली. नवा बादशहा गादीवर बसला की काही खास ग्रंथांवर तो स्वतःच्या हाताने लिही. जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला, शाहजहान १६२८ मध्ये, औरंगजेब १६५८ मध्ये. शाहजहानने बापाविरुद्ध बंड केलं होतं, औरंगजेबाने बापाला कैदेत टाकलं. एकमेकांवर तलवार उपसणारी ही माणसं, पण एका पोथीवर तिघांचीही अक्षरं सुखाने नांदतात. औरंगजेब स्वतः कुराणाच्या प्रती लिही. १७०७ साली अहमदनगरला तो वारला आणि खुलदाबादला साध्या मातीच्या कबरीत विसावला, कागजीपुऱ्याच्या अगदी जवळ.

पुढे १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, १८५७ नंतर उरलंसुरलं बादशाही ग्रंथालयही विखुरलं. कितीतरी पोथ्यांना नवे धनी मिळाले. त्यांतला एक धनी जन्मला आपल्या पुण्यात, १८८९ साली. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग. १९१२ ते १९१४ अशी थोडी वर्षं ते निजामाचे दिवाण होते. नंतर त्यांनी आपलं आयुष्य आणि संपत्ती जगभरातल्या सुंदर वस्तू जमवण्यात घातली. लग्न केलं नाही, वारस नव्हता. १९४९ मध्ये ते गेले आणि १६ डिसेंबर १९५१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांचा संग्रह सगळ्यांसाठी खुला झाला. याकूतची म्हणून मानलेली ती प्रत त्याच संग्रहातली. आता तिचे धनी तुम्ही आणि मी, आपण सगळे.

सगळ्याच पोथ्यांचं नशीब असं नसतं. विजापूरच्या आसार महालात आदिलशाही ग्रंथालयातल्या पोथ्या होत्या. १६८६ मध्ये विजापूर पडलं. त्यातूनही जी हस्तलिखितं उरली, ती १८५३ मध्ये लंडनला गेली. शहाजीराजे ज्या दरबारात वावरले, तिथल्या शिक्क्यांची पुस्तकं बघायची तर आज लंडन गाठावं लागतं.

आणि काही धनी आधीच्या धन्याचं नावच पुसून टाकत. इथे ती मघाची गोष्ट कामाला येते, काजळीचं नाव ओल्या बोटानेही जातं. पण नाव वर शाई फासून खोडलं किंवा खरवडलं असेल, तर ते पुन्हा शोधता येतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पानावर टाकला, की काजळी तो गिळते आणि काळीच दिसते. लोखंडी शाई मात्र त्या प्रकाशात जवळजवळ अदृश्य होते. म्हणून लोखंडी शाईने खोडलेल्या ओळीखालची काजळीची अक्षरं वाचता येतात. उलट, लोखंडी शाई खरवडली तरी तंतूंत तिचा अंश उरतो, आणि अतिनील प्रकाशात तेवढीच जागा गडद दिसते. याकूतच्या अक्षराची नक्कल करून त्याचं नाव घालणारेही पुष्कळ झाले. तेव्हा कागद, शाई, अक्षराचं वळण आणि शिक्के, चौघांची साक्ष जुळवूनच जाणकार निवाडा करतात.

याशिवाय वाळवी आणि कसर हे शत्रू होतेच. काही अरबी-फारसी हस्तलिखितांवर ‘या कबीकज’ असं लिहिलेलं सापडतं. कबीकज हा कीटकांचा राजा, त्याचं नाव पाहून कीटक पोथीला तोंड लावणार नाहीत, अशी श्रद्धा. त्याच नावाची एक विषारी वनस्पतीही आहे. आपल्याकडे पोथीत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवून ती कापडात बांधत. मशिदीतली पोथी असो की मठातली, काळजी तीच.

बाळांनो, मला एवढंच सांगायचं आहे. पुस्तक टिकतं ते दोन गोष्टींनी. निसर्गाचे नियम ओळखून निवडलेला माल, आणि आपली शिफ्ट नीट करून पुढच्याच्या हाती देणारी माणसं. यातलं एक जरी चुकलं तरी पान जातं.

आता तुमचं काम. दोन हर्रे फोडून पाण्यात उकळा, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. त्यात गंजके खिळे टाका आणि दोन दिवस ठेवा. पाणी काळं होईल. ही झाली लोखंडी शाई. दुसऱ्या वाटीत दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात घोटा. दोन्ही शायांनी एकाच कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहा. वाळल्यावर दोन्ही नावांवर लिंबाच्या रसाचा एकेक थेंब सोडा आणि पुसू नका. कुठलं नाव फिकट होतं ते बघा. मग दुसरा कागद तसाच लिहून वहीत जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला काढून कोणत्या नावाखालचा कागद बदलला ते तपासा. जे दिसेल ते तारखेसह खाली लिहा आणि मला दाखवा.